अंधार, गारठा आणि घरातील ज्येष्ठ
हिवाळ्याच्या रात्री वीज गेली तर काय करावे, काय टाळावे

मार्गशीर्ष-पौषातील रात्र आहे, बाहेर बोचरा वारा सुटला आहे आणि नेमक्या अशा वेळी घरातील दिवे जातात. तरुण माणूस थोडे कुरकुरतो, पांघरूण डोक्यावर ओढून घेतो आणि झोपी जातो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची गोष्ट निराळी असते. त्याच्या उशाशी कदाचित प्राणवायू पुरवणारे यंत्र चालू असते, रात्री दोनदा तरी त्याला उठावे लागते आणि पायांना गारठा जाणवेनासा झालेला असतो. वीज जाताच या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अवघड होऊन बसतात.

महाराष्ट्र हा उष्ण प्रदेश आहे, तेव्हा थंडीची एवढी चिंता कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. शिवाय आपली घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. पत्र्याचे छप्पर, सिमेंटचा स्लॅब, फरशीची जमीन, नीट न लागणाऱ्या खिडक्या या साऱ्यांतून दिवसाची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवेच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे, असे सुचवले आहे. आपल्याकडील कितीतरी घरे जानेवारीच्या पहाटे याहून थंड असतात, वीज असतानाही.

वार्धक्यात थंडी अधिक का बाधते?

आपल्या शरीराच्या गाभ्याचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेर गारठा वाढला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त आतील अवयवांकडे वळवले जाते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात, म्हणजेच हुडहुडी भरते व त्यातून उष्णता निर्माण होते. वयाबरोबर या दोन्ही क्रिया मंदावतात. स्नायूंचे प्रमाण घटते, त्वचेखालील चरबीचा थर पातळ होतो आणि थंडी वाजत असल्याची जाणीवच बोथट होते. मधुमेहाने पायांच्या नसा कमजोर झाल्या असतील किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर यात भर पडते. झोपेच्या व मानसिक विकारांवरील काही औषधांमुळेही शरीराचा थंडीला मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो. त्यामुळे ‘मला काही थंडी वाजत नाही’ हे आजीचे वा आजोबांचे उत्तर प्रामाणिक असते, पण विश्वासार्ह असतेच असे नाही.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्यास हायपोथर्मिया म्हणते. मराठीत त्यास शीतबाधा म्हणता येईल. ही अवस्था बर्फाच्छादित प्रदेशातच येते, असा समज आहे. अशक्त, कृश किंवा आजारी वृद्धाला ती पंधरा-सोळा अंशांच्या खोलीतही येऊ शकते. विशेषतः कपडे ओले झाले असतील, पुरेसे जेवण झाले नसेल किंवा पडल्यामुळे तासन्‌तास गार फरशीवर पडून राहावे लागले असेल तर. याशिवाय थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके हिवाळ्यात वाढतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळाने वीजव्यवस्था कोलमडली. लाखो घरे अंधारात व गारठ्यात गेली. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ते दिवस अनुभवले. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वादळाशी निगडित २४६ मृत्यूंची नोंद केली. त्यांतील बहुतेक मृत्यू थंडीमुळे झाले. काही मृत्यू मात्र ऊब मिळवण्याच्या प्रयत्नांत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घडले. तेथील थंडी आपल्याकडे पडत नाही. पण तो वायू आपल्याही घरात शिरू शकतो.

सर्वांत मोठा धोका : बंद खोलीतील शेगडी

वीज गेली की विजेचा हीटर बंद पडतो आणि माळ्यावरची कोळशाची शेगडी खाली येते. अंगणात ती सुरेख पेटवली जाते, धूर पूर्ण जाऊ दिला जातो, निखारे लालबुंद झाले की ती झोपण्याच्या खोलीत आणली जाते आणि ऊब टिकावी म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात. ‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ असे घरातील सर्वांनाच वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळत नाही. झोपलेला माणूस गुदमरून जागा होत नाही. त्याची झोप अधिकाधिक गाढ होत जाते आणि काही वेळा ती उघडतच नाही.

हीच गोष्ट बंदिस्त न्हाणीघरातील गॅस गीझरची व लाकूड-कोळशाच्या बंबाची आहे. विजेचा गीझर चालत नाही म्हणून यांचा वापर वाढतो. गॅसची शेगडी खोली गरम करण्यासाठी पेटती ठेवणे, डिझेल किंवा पेट्रोलवरील जनरेटर गॅलरीत, जिन्याखाली वा खिडकीशेजारी चालवणे, हेही तितकेच घातक आहे. म्हणून नियम एकच आणि तो निरपवाद ठेवावा : झोपण्याच्या खोलीत कोणतीही जळती वस्तू ऊब मिळवण्यासाठी आणू नये. खिडकीची फट ठेवली आहे, या भरवशावरही आणू नये. शेकोटी घ्यायचीच तर ती अंगणात, मोकळ्या हवेत घ्यावी. शेकून झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतावे आणि मगच आत यावे.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातापायांतील शक्ती गेल्यासारखे वाटणे ही या विषबाधेची पहिली लक्षणे होत. घरातील एकाहून अधिक जणांना ती एकदम जाणवू लागली, किंवा मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटून खोलीत परतताच त्रास पुन्हा सुरू झाला, तर शंका पक्की समजावी. सर्वांना तत्काळ बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, जळत असलेले बंद करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक सावधगिरी आवर्जून सांगायला हवी. करोनाकाळापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्यास वेगळे ओळखता येत नाही आणि पडद्यावर ९८ किंवा ९९ असा आकडा दिसत राहतो. तो पाहून रुग्णालयात जाणे लांबवू नये.

विस्तवाशिवाय ऊब

विस्तव नको, तर ऊब आणायची कोठून? आपल्या आजी-पणजीच्या गोधडीत याचे उत्तर आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेली गोधडी ऊबदार असते, कारण त्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. हेच तत्त्व कपड्यांना लावावे. एका जाड स्वेटरपेक्षा अंगाशी सुती बनियन, त्यावर सदरा, त्यावर पातळ स्वेटर व वरून शाल असे तीन-चार सैल थर अधिक उपयोगी पडतात. कानटोपी, मफलर व लोकरीचे पायमोजे घालावेत. मोजे घट्ट नसावेत, आणि गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालू नये. तळाला रबर असलेली चप्पल घालावी.

पांघरुणाइतकेच महत्त्व अंथरुणाला आहे. गार जमीन शरीरातील उष्णता खालून शोषून घेते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाली चटई, तिच्यावर घोंगडी वा सतरंजी आणि मग गादी अशी रचना करावी. शक्य असेल तर त्या रात्री पलंगावरच झोपावे.

सगळे घर उबदार ठेवण्याचा खटाटोप करू नये. एक लहान खोली निवडावी. ती शक्यतो स्वच्छतागृहाजवळची आणि बाहेरच्या भिंती कमी असलेली असावी. पडदे ओढावेत, दाराच्या खालच्या फटीशी जुना टॉवेल गुंडाळून ठेवावा आणि घरातील माणसांनी त्या रात्री एकत्र झोपावे. माणसांच्या अंगाची ऊब खोलीला मिळते, आणि ज्येष्ठांवर लक्षही राहते. दिवसा मात्र दक्षिणेकडील खिडक्यांचे पडदे उघडून ऊन आत येऊ द्यावे.

गरम पाण्याची रबरी पिशवी उपयुक्त आहे, पण ती जपून वापरावी. पाणी उकळते नसावे, पिशवी दोन-तृतीयांश भरावी, आतील हवा दाबून काढावी, बूच घट्ट आहे ना ते पाहावे आणि ती टॉवेलमध्ये गुंडाळावी. अंथरुणात शिरण्यापूर्वी ती पांघरुणाखाली ठेवून अंथरूण उबवून घ्यावे व झोपताना काढून घ्यावी. मधुमेही व्यक्तीच्या पायांशी ती मुळीच ठेवू नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही आणि साधा फोड पुढे जखमेचे रूप घेतो.

जेवण हेही शरीराचे इंधन आहे. संध्याकाळचे जेवण चुकवू नये. कुळथाचे पिठले, बाजरीची भाकरी, मऊ खिचडी, गरम वरण-भात, भाज्यांचे सूप, यांपैकी जे पचेल ते गरम गरम घ्यावे. थंडीत तहान कमी लागते, म्हणून कोमट पाणी आठवणीने प्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते मात्र ओलांडू नये. ‘घोटभर ब्रँडीने अंग गरम होते’ हा समज सोडून द्यावा. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर उबदार वाटते आणि तेवढ्यात आतील उष्णता बाहेर निघून जाते.

अंधारातील पाऊल

वीज गेल्यावर ज्येष्ठांना सर्वाधिक इजा होते ती पडण्याने. खुब्याचे हाड मोडण्यास पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची दहा पावले पुरेशी असतात. म्हणून उशाशी, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी, विजेरी असावी. ती नेहमी त्याच जागी असावी. तिचे बटण बोटांना चाचपून सापडेल असे असावे. वीज जाताच आपोआप पेटणारे, चार्जिंगचे दिवे आता सहज मिळतात. त्यांपैकी एक स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावावा. वाटेतील पायपुसणी, तारा, पाट, बादल्या झोपण्यापूर्वी उचलाव्यात. जाग आल्यावर लगेच उभे राहू नये. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, घोटे हलवून, मग काठीच्या आधाराने उठावे. फार गारठा असेल तर पलंगाजवळ लघवीचे भांडे ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.

मेणबत्ती, कंदील किंवा चिमणी मच्छरदाणीजवळ, पडद्याखाली व पांघरुणाच्या टप्प्यात ठेवू नये. जेथे प्राणवायूची नळी चालू आहे त्या खोलीत तर काडेपेटीही पेटवू नये.

यंत्रांवर विसंबून असलेले रुग्ण

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, नेब्युलायझर वा हवेची गादी असेल, तर पर्यायाची तजवीज आधीच हवी. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालते का आणि किती वेळ चालते, हे वीज असतानाच विक्रेत्याकडून तपासून घ्यावे. कॉन्सन्ट्रेटरसोबत एक भरलेला सिलिंडर घरी असणे उत्तम. त्याचा हिशेब सोपा आहे. दीड घनमीटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. रुग्णास मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो सुमारे १२ तास पुरतो. ४ लिटर लागत असेल तर सुमारे ६ तास. हा आकडा सिलिंडरवर कागद चिकटवून लिहून ठेवावा. सिलिंडरची किल्ली व नळी त्याच्याजवळच बांधलेली असावी आणि तो जोडण्याचा सराव घरातील किमान दोघांना असावा. हवेच्या गादीतील हवा उतरली तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

इन्सुलिनची चिंता मात्र फारशी करू नये. वापरात असलेली कुपी वा पेन थंडीच्या दिवसांत साध्या तापमानालाही सुरक्षित राहते. न उघडलेल्या कुप्या फ्रीजमध्येच असू द्याव्यात आणि फ्रीजचे दार वारंवार उघडू नये. इन्सुलिन बर्फात मात्र ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते.

वीज परतते तेव्हा

वीज गेली त्या क्षणी हीटर, इस्त्री, गीझर चालू असतील तर त्यांची बटणे बंद करून पिना काढून ठेवाव्यात. बादलीतील पाणी तापवण्याच्या रॉडबाबत तर विशेष दक्ष असावे. पाणी तापत असताना वीज जाते, रॉड बादलीत विसरला जातो, मध्यरात्री वीज येते आणि कोणीतरी पाणी कोमट आहे का, हे पाहण्यासाठी हात घालतो. असे अपघात टाळणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. वीज आल्याचे कळावे म्हणून एकच दिवा चालू ठेवावा.

ही लक्षणे ओळखा

शीतबाधेची सुरुवात गोंधळात टाकणारी असते. आजी असंबद्ध बोलू लागतात, जीभ जड होते, बटणे लावता येत नाहीत, चाल अडखळते, सतत झोप येते. ‘म्हातारपण’ किंवा ‘झोपमोड’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी पांघरुणाखाली हात घालून पोटाचा स्पर्श पाहावा. हातपाय गार असणे स्वाभाविक आहे. पोट गार लागणे ही धोक्याची खूण आहे. आधी भरलेली हुडहुडी अंग गार असतानाच थांबली, तर प्रकृती सुधारली असे न समजता ती बिघडते आहे, असे समजावे. ताप मोजण्याचा साधा थर्मामीटर मुळात ज्वर पाहण्यासाठी बनलेला असतो. त्यातील पारा वर चढतच नसेल, तर ‘ताप नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नये.

रुग्णवाहिका येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडे घालावेत. छाती, पोट, मान व डोके यांना प्रथम ऊब द्यावी; कोरड्या पांघरुणात शेजारी झोपून आपल्या अंगाची ऊब देणे हा उत्तम उपाय आहे. हातपाय जोरजोराने चोळू नयेत, शेकू नयेत व गरम पाण्याने स्नान घालू नये. अशा अवस्थेत हृदय नाजूक झालेले असते, म्हणून रुग्णास हळुवार हाताळावे. तो पूर्ण शुद्धीवर असेल व नीट गिळत असेल तरच कोमट, गोड पेय घोटाघोटाने द्यावे. मात्र चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, छातीत दुखणे यांपैकी काही दिसले, तर ऊब देत थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

संकोच सोडावा, प्रश्न नेमका विचारावा

ज्येष्ठ वाचकहो, या विषयातील सर्वांत अवघड भाग सामग्रीचा नाही, संकोचाचा आहे. ‘मध्यरात्री कशाला कोणाला उठवायचे’, ‘मुलाला सकाळी कामावर जायचे आहे’, असे म्हणत आपण गार फरशीवरून एकटेच चालत जाता. तसेच पडलात तरी पहाटेपर्यंत हाक मारत नाही. हाक मारल्याने घरच्यांची घटकाभर झोप मोडते. न मारल्याने काय होऊ शकते, ते वर आलेच आहे. उशाशी एक घंटी किंवा शिटी ठेवा आणि ती वाजवण्यासाठीच आहे, हे मनाशी पक्के करा.

दूर राहणाऱ्या मुला-मुलींनी फोनवर ‘आई, ठीक आहेस ना?’ एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘ठीक आहे’ हेच येते. ‘अंगात काय काय घातले आहेस?’, ‘रात्री काय जेवलात?’, ‘विजेरी आत्ता कोठे आहे?’ असे नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकताना आवाजाकडे लक्ष द्यावे. बोलणे जड वाटले तर शेजाऱ्यांना लगेच पाठवावे. त्यासाठी एका तरी शेजाऱ्याकडे घराची किल्ली व आपला क्रमांक असावा. गृहसंकुलातील मंडळींनी, वीज गेल्यावर कोणाच्या दारावर टकटक करायची, याची यादी हिवाळ्यापूर्वीच करून ठेवावी. लिफ्ट बंद असताना चौथ्या-पाचव्या मजल्यावरील एकटे ज्येष्ठ त्या यादीत पहिले असावेत.

दूरध्वनी क्रमांक केवळ मोबाइलमध्ये ठेवू नयेत. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ते दाराजवळ लावावेत : रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन साहाय्य ११२, वीज तक्रार १९१२, ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी १४५६७, आणि त्यांखाली डॉक्टर, मुले व शेजारी यांचे क्रमांक.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, प्राणवायूसारखी यंत्रे चालू नसतील अशा घरात मुख्य बटण अर्धा तास बंद करून पाहा. विजेरी किती क्षणांत हाती येते, न्हाणीघराची वाट मोकळी आहे का, जादा पांघरुणे कोणत्या ट्रंकेत आहेत, कागदावरील क्रमांक त्या उजेडात वाचता येतो का, हे सगळे त्या अर्ध्या तासात कळेल. जे उणे आढळेल ते सोमवारी बाजारातून आणा. ज्या घरात यंत्र सतत चालू आहे, तेथे विक्रेत्याला बोलावून त्याच्यासमोर पर्यायी व्यवस्थेवर ते चालवून पाहा.